वेळापत्रक भिंतीवर, तयारी वाऱ्यावर

आयआयएमच्या प्रवेशासाठी कॅट द्यायचं ठरलं की खोलीत सगळ्यात आधी काय येतं? पुस्तक नाही. वेळापत्रक येतं.

तीन रंगांचे पेन, सहा महिन्यांचे रकाने, पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंतचा हिशेब. सोमवारी अंकगणित, मंगळवारी बीजगणित, बुधवारी उतारे, रविवारी उजळणी. कागद भिंतीवर चिकटतो, त्याचा फोटो मित्रांना जातो, आई-बाबांच्या जिवाला बरं वाटतं.

अभ्यास अजून सुरू व्हायचाय.

या कागदात चूक काय? रकाने सरळ आहेत, अक्षर सुबक आहे. फक्त त्यात नागपूर नाही. पोळा नाही, तान्हा पोळा नाही, मारबत नाही. महालक्ष्म्या नाहीत, नवरात्र नाही, दिवाळी नाही. पुसदच्या मावसभावाचं लग्न नाही. मे महिन्यातली दुपार नाही, जेव्हा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि अख्खं घर एका कूलरसमोर बसलेलं असतं.

आणि विद्यापीठाची हिवाळी परीक्षाही नाही. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी सहा महिन्यांचा आराखडा आखतो आणि स्वतःचीच सत्र परीक्षा विसरतो. याला नियोजन म्हणायचं?

कॅट बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं आणि कॅट २६ ला, मध्ये दोन आठवडे. २०२५ साली परीक्षा ३० नोव्हेंबरला आणि दिवाळी ऑक्टोबरमध्येच आटोपलेली, मध्ये जवळजवळ सहा आठवडे. दोन्ही वर्षांचा शेवटचा महिना एकसारखा आखता येईल? नाही. मग आदल्या वर्षीच्या टॉपरचं वेळापत्रक उतरवून घेण्यात काय हशील?

त्याची दिवाळी वेगळी होती.

यानंतर येतात तास. रस्त्यात काका भेटतात. "काय करून राहिला सध्या?" "कॅटचं पाहून राहिलो, काका." पुढचा प्रश्न ठरलेला: "किती तास होतात?"

काय वाचलं, काय चुकलं, काय सुधारलं, हे कुणी विचारत नाही. अभ्यासिकेत बारा तास बसणाऱ्याचं घरात कौतुक होतं. दोन तासांत स्वतःच्या वीस चुका शोधून उठणाऱ्याला "झालं एवढ्यात?" ऐकावं लागतं. तास मोजणं सोपं आहे, म्हणून आपण तास मोजतो. चुका मोजायला बसलं की मन खट्टू होतं, म्हणून ते काम उद्यावर जातं.

पर्सेंटाइल मात्र चुकांवरच ठरतात.

परीक्षा कशी आहे ते आधी पाहू, कारण निम्मी वेळापत्रकं ते न पाहताच बनतात. एकूण दोन तास. तीन भाग: इंग्रजी आकलन, माहिती व तर्क, गणित. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, आणि एका भागातला उरलेला वेळ दुसऱ्यात नेता येत नाही. २०२४ साली ६८ प्रश्न होते. इंग्रजीचे २४, बाकी दोन्हींचे प्रत्येकी २२. बरोबर उत्तराला तीन गुण, बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक वजा.

गणिताच्या एका प्रश्नाच्या वाट्याला १०९ सेकंद आले.

आता आठवा, आपल्याला शाळेत काय शिकवलं? पोर्शन पूर्ण करा. सगळे प्रश्न सोडवा. येत नसेल तरी चार ओळी लिहून या, पान कोरं ठेवू नका. पहिलीपासून पदवीपर्यंत हेच. मूल हुशार असेल तर हे त्याच्या हाडीमाशी अधिकच भिनतं, कारण याच वाटेने त्याला आजवर पहिला नंबर मिळाला.

कॅट याच्या बरोबर उलट मागते. काय सोडायचं ते सांग, म्हणते.

गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास गुणांवर नव्व्याण्णव पर्सेंटाइल मिळत आलेत. निम्मे गुण हातचे जाऊनही माणूस शंभरातल्या नव्व्याण्णवांच्या पुढे असतो! ही एक गोष्ट ज्याला कळली, त्याच्या भिंतीवरचा कागद त्याच दिवशी बदलतो. पण ही गोष्ट कळायला महिना लागतो, आणि पचायला चार.

का? कारण प्रश्न सोडणं आपल्याला हार वाटते. समोर वेळ-काम-वेगाचं गणित आहे, पद्धत येतेय, दोन मिनिटं गेली, तीन गेली, आता सोडून कसं द्यायचं? एवढी मेहनत केली ना! चौथं मिनिट जातं. उत्तर येतं, बरोबर येतं, चेहरा खुलतो. आणि तेवढ्या वेळात पुढचे दोन सोपे प्रश्न न उघडताच राहून जातात.

हे बरोबर आलेलं उत्तर तीन गुण देऊन सहा घेऊन गेलं.

म्हणून एक वही करा. महागडं ॲप नको, साधी दोनशे पानी. चार रकाने: प्रश्न कशावर होता, किती वेळ लागला, काय झालं, का झालं. अशा वहीतलं एक पान कसं दिसतं? 'टक्केवारी, ५० सेकंद, चूक, वजाबाकीत घोळ.' 'वेळ-काम, चार मिनिटं, बरोबर, दुसऱ्या मिनिटाला सोडायला हवा होता.' 'लॉगॅरिदम, तीन मिनिटं, सोडला, सूत्रच आठवलं नाही.' 'भूमिती, ४० सेकंद, बरोबर, आकृती काढल्यामुळे.' पंधरा दिवसांनी हे पान आडवं-उभं वाचलं की दिसतं: सूत्रं विसरल्यामुळे गेलेले गुण थोडे आहेत. हट्टापायी गेलेले जास्त.

आता सांगा, 'सोमवारी अंकगणित' या रकान्यात हट्टाचं औषध कुठे आहे?

मॉकचंही तसंच. "तीस मॉक झाल्या" असं छाती फुगवून सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. किती तपासल्या? शांतता. दोन तासांची मॉक दिल्यावर ती उलगडून पाहायला तीन-चार तास लागतात. ते तास वेळापत्रकात कुणी धरतच नाही. गुण पाहायचे, चांगले असले तर फोटो पाठवायचा, वाईट असले तर दुसरी मॉक द्यायची.

ताप मोजत राहायचं, औषध घ्यायचं नाही.

अंदाजपंचे उत्तरांबद्दलही गैरसमज फार. एक पंथ म्हणतो, ठोकून द्या. दुसरा म्हणतो, हात लावू नका. पाटी घ्या आणि हिशेब करा. चार पर्याय आहेत, काहीच माहीत नाही: चारदा ठोकलं तर सरासरी एकदा तीन मिळतात आणि तीनदा एक जातो. बेरीज शून्य. नफा नाही, तोटा नाही, सेकंद मात्र गेले. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं, तर उरलेल्या तिघांत तीनदा ठोकून सरासरी एक गुण हाती लागतो. आणि ज्या प्रश्नांत उत्तर टाइप करायचं असतं, तिथे चुकीला वजा गुणच नाहीत.

तरीही दरवर्षी मुलं ते रकाने रिकामे ठेवून येतात. वेळापत्रकात हे कुठल्या वारी होतं?

माहिती व तर्काच्या भागाची गंमत आणखी वेगळी. 'पोर्शन संपला' असं मुलं म्हणतात. कुठला पोर्शन? आयआयएम कॅटचा तपशीलवार अभ्यासक्रम जाहीरच करत नाहीत. कोडं समोर येतं: इतके मित्र, इतकी गावं, इतके दिवस, कोण कुठे गेला. एका कोड्यावर चार-पाच प्रश्न. २०२४ ला अशी पाच कोडी होती. पहिली काही मिनिटं पाचही कोडी नुसती वाचायची आणि कुठली दोन-तीन आपली ते ठरवायचं. बर्डीवर खरेदीला गेलेला माणूस पहिल्याच दुकानात सगळे पैसे मोजून देत नाही, चार दुकानं फिरतो. इथे मात्र पहिलंच कोडं गळ्यात पडतं आणि चाळीस मिनिटं संपतात.

निवड ही सवय आहे. ती नोव्हेंबरमध्ये लागत नाही.

आणि मग इंग्रजी. इथे मला खरोखर वाईट वाटतं. मराठी माध्यमातून आलेलं मूल पहिल्या दिवशी काय करतं? शब्दांची यादी पाठ करायला घेतं. रोज वीस शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. गेली कित्येक वर्षं कॅटमध्ये नुसते शब्दार्थ विचारतच नाहीत! विचारतात ते उतारे. लेखक काय म्हणतोय, कशाला विरोध करतोय, कुठे अडखळतोय. विषय कुठलाही: समुद्रातले जीव, मध्ययुगीन व्यापार, एखाद्या तत्त्ववेत्त्याचं भांडण.

यादी पाठ करून भांडण कळत नाही.

त्यासाठी लांब, गुंतागुंतीचं वाचावं लागतं, आणि ते रोज अर्धा तास, वर्षभर. मला तर असंही वाटतं की ज्याने मराठीतले वैचारिक लेख मन लावून वाचलेत, त्याला मुद्दा आणि उदाहरण वेगळं काढायची सवय आधीच असते. भाषेचा अडथळा मग वर्षभरात ओसरतो. ज्याने कुठल्याच भाषेत काही वाचलेलं नाही, त्याची पंचाईत मोठी. आपल्या अभ्यासिका पहाटेपासून भरतात, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथे प्रत्येक जण आपापली गाइडं घेऊन येतो. बाजूच्या कपाटातली पुस्तकं कोण काढतं?

कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हेही अनेकांना माहीत नसतं.

आता सल्लागारांकडे वळू. प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत एक दादा असतो, ज्याने 'आपल्या वेळी' कॅट दिली. त्याची वेळ कुठली? २००८ पर्यंत ही परीक्षा कागदावर होती. २००९ ला संगणकावर आली. २०१५ ला तीन तास आणि शंभर प्रश्न झाले, प्रत्येक भागाला एक तास. २०२० ला करोनामुळे दोन तासांवर आली आणि तिथेच राहिली. दादाने २०१६ ला दिलेली परीक्षा आणि आजची परीक्षा यांत एक अख्खा तास कमी आहे. दादा प्रेमाने सांगतो, मनापासून सांगतो. त्याचं प्रेम घ्या.

त्याची वेळेची गणितं घेऊ नका.

मुलींच्या वेळापत्रकाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरात तीस पानं उठतात. त्या दिवशी मुलाची मॉक चुकत नाही. दार लावून घेतो, "त्याची परीक्षा आहे" असं पाहुण्यांना सांगितलं जातं. मुलीची चुकते. तिने वाढायचं, आवरायचं, आणि रात्री साडेदहाला ताज्या डोक्याने कोडी सोडवायची. काही आयआयएम निवडीच्या सूत्रात मुलींसाठी वेगळे गुण धरतात, तेव्हा याच घरातून आवाज येतो: "मुलींना फुकट मिळतं."

फुकट? त्या तीस पानांचा हिशेब कुणी मांडला?

या परीक्षेच्या नियोजनातलं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठल्याच वेळापत्रकात नसतं, कारण ते अभ्यासाचं नाही. ते कागदपत्रांचं आहे. कॅटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरता येतात. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत आहे, एवढ्याने भागत नाही. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र त्याच आर्थिक वर्षातलं हवं. राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत लागू नाही. अर्जाची मुदत संपली की प्रवर्ग बदलता येत नाही.

पर्सेंटाइल आहेत, कागद नाही. अशा मुलाला कोण काय सांगणार?

सेतू केंद्रातली रांग, तहसीलमधला फेरा, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, 'साहेब मीटिंगला गेलेत'. यात तीन-चार आठवडे सहज जातात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या आतल्या तालुक्यांतल्या मुलांचे तर आणखी जास्त. म्हणून हे काम जूनमध्ये करायचं. क्लासवाल्यांनी पहिल्याच दिवशी हा कागद मुलांच्या हातात द्यायला हवा. फी भरायच्या हप्त्यांचा कागद तर पहिल्याच दिवशी देतात!

फीवरून आठवलं. २०२४ ला अर्जाची फी २५०० रुपये होती. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना १२५०. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस यांना पूर्ण. क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. शिवाय स्नॅप, झॅट, एनमॅट, सीईटी, प्रत्येकाचा अर्ज निराळा, प्रत्येकाची फी निराळी. घरातून पैसे आणणाऱ्या मुलाने अभ्यासाआधी या फॉर्मांचा हिशेब मांडायला हवा. पाच परीक्षा द्यायच्या की दोन नीट द्यायच्या?

बहुतेक जण पाच भरतात आणि एकही नीट देत नाहीत.

कारण या परीक्षा एकमेकींच्या बहिणी नाहीत. राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीला वजा गुण नाहीत. दोनशेपैकी पंच्याहत्तर प्रश्न तर्काचे. तिथे काहीही सोडायचं नसतं. कॅटमध्ये सोडायला शिकलेला हात सीईटीत थांबला तर गुण गेले. वाठोड्याच्या सिम्बायोसिसमध्ये जायचं तर स्नॅप, साठ मिनिटांत साठ प्रश्न. 'सगळ्यांचा अभ्यास एकच असतो' असं ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याने या तिन्ही दिल्यात का, एवढं विचारा.

मिहानमधल्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्यांचं दुखणं निराळं. रात्रपाळी करून आलेला माणूस पहाटे साडेपाचला वेळ-काम सोडवणार? चार-सहा वर्षं नोकरी झालेल्यांनी जीमॅटचाही विचार करावा, आयआयएमचे एक वर्षाचे अभ्यासक्रमही ती स्वीकारतात. सव्वादोन तास, ६४ प्रश्न. सोळा दिवसांचं अंतर ठेवून वर्षात पाचदा देता येते, गुण पाच वर्षं चालतात. कॅट वर्षातून एकदाच, आणि तिचे गुण पुढच्याच प्रवेशापुरते. एकीकडे चुकलं तर महिन्याभरात सावरता येतं, दुसरीकडे वर्ष जातं. नोकरदाराच्या नियोजनात हा फरक पहिल्या ओळीत हवा.

पण सगळेच कॅट म्हणतात, म्हणून तोही कॅट म्हणतो.

आता होर्डिंगांकडे बघू. निकाल डिसेंबरच्या उत्तरार्धात लागतो आणि चौकाचौकांत चेहरे झळकतात. २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी कॅट दिली. शंभर पर्सेंटाइल मिळाले चौदा जणांना, साऱ्या देशात. नव्व्याण्णवच्या वर किती असणार? सुमारे २९०० लोक. ही संख्या क्लासनी कितीही शिकवलं तरी वाढत नाही. पर्सेंटाइलचा अर्थच तो आहे, तुम्ही वर जाता तेव्हा दुसरा कुणीतरी खाली जातो. मग 'प्रत्येकाला नव्व्याण्णव' हे वचन कुठल्या गणितात बसतं?

गणित शिकवणाऱ्यांनीच ते द्यावं, याची चीड येते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो लावायचा तर त्याने कुठला कोर्स, किती काळ केला ते सांगायला हवं. त्याची संमती निकालानंतर घ्यायला हवी. पुढचं होर्डिंग दिसलं की पालकांनी थांबून ही ओळ शोधावी. पूर्ण वर्ष शिकला, की शेवटी चार मॉक दिल्या?

लाखभर रुपये देण्याआधी हा एक प्रश्न विचारायला कसला संकोच?

बरं, परीक्षा झाली, पर्सेंटाइल आले. वेळापत्रक तिथे संपतं. निवड तिथे सुरू होते. दहावीचे गुण, बारावीचे गुण, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, मग मुलाखत. दहावीचे गुण आता बदलता येत नाहीत, हे खरं. म्हणूनच कुठल्या संस्थेच्या सूत्रात त्यांना किती वजन आहे, हे अर्जाआधी पाहायचं. संस्था ही सूत्रं जाहीर करतात. वाचतं कोण?

आणि मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: तुमच्या गावाबद्दल सांगा. नागपूरचा मुलगा म्हणतो, संत्री. आणखी? तर्री पोहे. आणखी? मिहानमध्ये विमानतळालगत एवढी जमीन घेतली, तिथे काय आलं आणि काय यायचं राहिलं? १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्दचं पाणी शेतात पोहोचायला एवढी वर्षं का लागली? विदर्भात कापूस पिकतो, मग कापड कुठे विणलं जातं? व्यवस्थापन शिकायला निघालेल्या मुलाला आपल्या अंगणातल्या व्यवस्थापनाबद्दल चार वाक्यं बोलता येऊ नयेत?

आठवड्याला एक संध्याकाळ स्थानिक बातम्यांसाठी ठेवली असती, तरी पुरलं असतं.

याच शहरात आयआयएम आहे. २०१५ साली अहमदाबादच्या आयआयएमच्या मार्गदर्शनाखाली ती सुरू झाली, आधी व्हीएनआयटीच्या आवारात. ८ मे २०२२ ला तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते मिहानमधल्या कायम परिसराचं उद्घाटन झालं. नागपूरच्या मुलाला आता आयआयएम पाहायला अहमदाबाद-कोलकात्याला जावं लागत नाही. पण आत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलून, त्याने काय सोडलं, कुठे चुकला, मुलाखतीत काय विचारलं, हे ऐकलेले कॅटचे उमेदवार किती? वर्षातला एक रविवार संस्थेने विदर्भातल्या महाविद्यालयांसाठी राखून ठेवला, तर भामरागडच्या मुलीला अर्ज, प्रमाणपत्र, मुलाखत हे सगळं एका दिवसात समजेल. तिला क्लास परवडत नाही. तिथवर येणं परवडेल.

ती आली, तर परीक्षेलाही येईल. अर्जात पाच शहरं निवडता येतात, स्लॉट मात्र आपल्या हातात नाही. सकाळचा स्लॉट साडेआठला सुरू होतो, केंद्रावर त्याच्या बरंच आधी पोहोचावं लागतं. बाहेरगावच्या मुलांनी आदल्या दिवशीच नागपूर गाठायला हवं, मुक्कामाची सोय प्रवेशपत्र आल्याबरोबर लावायला हवी. आणि शेवटचे दोन आठवडे मॉक सकाळी साडेआठलाच द्यायला हव्यात, मग स्लॉट कुठलाही येवो. रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करणाऱ्याचं डोकं त्या रविवारी सकाळी साडेआठला कसं चालेल?

विद्यापीठाकडेही एक मागणं आहे. कॅटची तारीख जुलैच्या अखेरीस जाहीर होते. हिवाळी परीक्षेच्या तारखा ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ती चार महिने आधी असते. त्या रविवारच्या आदल्या शनिवारी आणि नंतरच्या सोमवारी शेवटच्या वर्षाचा पेपर ठेवू नका. संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी ऑगस्टमध्येच तसं पत्र द्यावं. विद्यार्थी संघटनांनी त्याचा पाठपुरावा करावा. खर्च शून्य, आणि दोन दिवसांची झोप शेकडो मुलांना मिळेल.